2020 च्या टाळेबंदीत दुकानाचा माल नेमका कुठे अडकला होता?

प्रश्न
राजेंद्रनगर किराणा

नमस्कार. इंदूरच्या राजेंद्रनगरात आमचे किराण्याचे दुकान आहे. वडिलांनी ते 34 वर्षे चालवले आणि आता ते माझ्याकडे आले आहे. मागच्या महिन्यात माळा आवरताना त्यांच्या 2020 आणि 2021 सालच्या वह्या सापडल्या. त्यांची पद्धत अशी, की डाव्या पानावर कोणाकडे काय मागवले ते लिहायचे आणि उजव्या पानावर प्रत्यक्षात काय उतरले ते. एरवी ही दोन पाने एकमेकांची नक्कल वाटतात. मार्च 2020 नंतर मात्र ती दोन निराळ्या दुकानांची असावीत असे वाटू लागते.

22 मार्चचे, म्हणजे जनता कर्फ्यूच्या रविवारचे, पान कोरे आहे. 23 तारखेची विक्री आमच्या नेहमीच्या चार दिवसांइतकी भरली आहे. त्यानंतर शटर खाली. एप्रिलमध्ये प्रभागातल्या घरपोच किराणा व्यवस्थेत आमचे दुकान घेतले गेले तेव्हा वही पुन्हा सुरू होते, आणि तिथून गंमत आहे. डावीकडे कपडे धुण्याच्या पावडरीची दहा रुपयांची पुडी मागितलेली आहे, तर उजवीकडे एक किलोची पिशवी उतरलेली आहे. बिस्किटांचे सात प्रकार मागितले आणि ग्लुकोजचा एकच आला. सॅनिटरी पॅडची मागणी पुन्हा पुन्हा लिहिलेली आहे आणि तीन आठवडे उजवीकडची जागा रिकामी आहे. पुढे सप्टेंबरात याच्या नेमके उलट झाले. हँडवॉश आणि सॅनिटायझर इतके उतरले, की त्यातली चार खोकी परवापर्यंत माळ्यावर होती.

त्या काळात सरकार आणि कंपन्या रोज सांगत होत्या, की देशात साठा पुरेसा आहे. ते खोटे नव्हते असे धरले, तर माल अडकला कुठे? आणि तुटवड्याच्या पाठोपाठ पूर कसा आला? वडिलांचे उत्तर ठरलेले आहे: वरच्यांनी माल दाबून ठेवला. मला ते पूर्णपणे पटत नाही, परंतु माझ्याकडे दुसरे उत्तरही नाही. हे विचारण्यामागे व्यवहारही आहे. शेजारची खोली भाड्याने मिळते आहे, आणि पुन्हा तशी वेळ आली तर हाताशी असावा म्हणून तिथे दोन महिन्यांचा माल भरून ठेवावा का, याचा निर्णय मला घ्यायचा आहे.

उत्तर 1
देवास नाका

त्या काळात मी देवास नाक्यावरच्या एका डेपोत कामाला होतो. साबण, पावडर, शाम्पू, दातांची पेस्ट असा माल आमच्याकडे कंपनीच्या भिवंडीच्या मोठ्या गोदामातून येई आणि आम्ही तो इंदूर, उज्जैन, धार या भागांतल्या वितरकांना देत असू. त्यामुळे माल कुठे अडकला होता ते मी डोळ्यांनी पाहिले आहे.

"साठा पुरेसा आहे" हे विधान खरे होते. मात्र ती देशभरातल्या सगळ्या गोदामांची बेरीज होती, आणि बेरीज कोणाच्या दुकानात उतरत नाही. आमच्या डेपोत साधारण दोन आठवड्यांचा माल असे, वितरकाकडे आठ-दहा दिवसांचा आणि आपल्यासारख्या दुकानात आठवड्याभराचा. म्हणजे ही साखळी रोज थोडी थोडी हलत राहील या भरवशावरच सगळा कारभार चालत होता, आणि ती थांबल्यावर पहिले दुकान पंधरवड्याच्या आत रिकामे होणार हे ठरलेलेच होते.

पहिली अडचण कागदाची होती. 24 मार्चच्या आदेशात जीवनावश्यक वस्तूंना सूट होती, पण साबण जीवनावश्यक की नाही, शाम्पू आहे का, डायपर आहे का, हे नाक्यावर उभ्या असलेल्या माणसाने ठरवायचे होते. एकाच गाडीत साबणही असे आणि केसांचे तेलही. मग अर्धी गाडी आवश्यक आणि अर्धी अनावश्यक, असा वाद रस्त्यात होई. 29 मार्चला केंद्रीय गृह सचिवांनी राज्यांना पत्र पाठवून आवश्यक आणि अनावश्यक हा भेद न करता सगळ्या मालाची वाहतूक होऊ द्यावी असे स्पष्ट केले, आणि किराणा या शब्दात हँडवॉश, साबण, डिटर्जंट, टूथपेस्ट, सॅनिटरी पॅड, डायपर, बॅटरीचे सेल यांचा समावेश होतो असेही त्यात लिहिले. आपल्या वहीतल्या पॅडच्या तीन रिकाम्या आठवड्यांचा उगम त्या पाच दिवसांत आहे. बंद पडलेला कारखाना पत्र आल्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू होत नाही. कामगारांचे पास काढावे लागतात, आणि गावी निघून गेलेला कामगार पास काढूनही येत नाही.

दुसरी अडचण गाडीची. गाड्या होत्या, चालक नव्हते. भिवंडीहून निघालेली गाडी एरवी बिजासनचा घाट चढून दुसऱ्या दिवशी आमच्या दारात लागत असे. त्या दिवसांत साडेपाचशे किलोमीटरच्या वाटेवर ढाबा उघडा नाही, पंक्चर काढणारा नाही, आणि इंदूरचे नाव काढले की चालक हात जोडत, कारण रुग्णसंख्येमुळे आपले शहर तेव्हा रोज बातम्यांत होते. गाडीत दोन चालक आणि एक मदतनीस चालेल, महामार्गावरचे ढाबे आणि दुरुस्तीची दुकाने उघडता येतील, हे 15 एप्रिलच्या सूचनांमध्ये आले आणि 20 एप्रिलपासून लागू झाले. तोवर जवळजवळ महिना गेला होता.

त्यातून एक गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही, ती परतीच्या भाड्याची. इंदुरात माल उतरवलेली गाडी जवळच्या पीथमपूरच्या कारखान्यांतून काहीतरी भरून परत जाते, म्हणून एकेरी भाडे परवडते. पीथमपूर बंद, म्हणजे गाडी रिकामी परतणार. मग वाहतूकदाराने दोन्ही बाजूंचे भाडे मागितले आणि ते रास्तच होते. इतक्या महागात आणलेल्या गाडीत पंधरा प्रकारांची थोडी थोडी खोकी कोण भरणार? जे सर्वांत जास्त खपते तेच काठोकाठ भरून पाठवले जाई. आपले ग्लुकोज बिस्किट त्यामुळेच आले. पार्ले कंपनीने नंतर सांगितले होते, की मार्च ते मे 2020 हे महिने पार्ले-जीच्या विक्रीसाठी आठ दशकांतले सर्वांत चांगले ठरले. लोकांना ते आवडतेच, पण बाकीची बिस्किटे फळीवर पोहोचलीच नाहीत, याचाही त्यात वाटा असणार.

आणि शेवटी हमाल. आमच्याकडचे बहुतेक निमाडातले होते आणि पहिल्याच आठवड्यात खरगोनच्या वाटेला लागले. एप्रिलमध्ये एका रात्री गाडी आली. चारशेच्या आसपास खोकी होती, जी आमचे हमाल दोन तासांत उतरवत. आम्ही तीन कारकून आणि एक पहारेकरी, असे चौघे रात्री दहाला लागलो, आणि शेवटची रास लागली तेव्हा फाटकाबाहेर दूधवाल्याची सायकल वाजत होती. खोक्याची प्लॅस्टिकची पट्टी बोटांना कशी कापते हे मला 14 वर्षांच्या नोकरीत त्या रात्री कळले. दुसऱ्या दिवशी वितरकांचे फोन सुरू झाले, की गाडी आली असे कळते, मग माल का देत नाही.

उत्तर 2
लोकमान्यनगरच्या आजी

देवास नाक्याच्या दादांनी फार नेमके लिहिले आहे. मला फक्त 23 तारखेच्या त्या पानाबद्दल बोलायचे आहे, कारण त्या दिवशी रांगेत मीही होते, आणि "लोकांनी घाबरून घर भरले" हे वाक्य तेव्हापासून इतक्या वेळा ऐकले आहे, की आता राग येतो.

त्या सोमवारनंतर दोन दिवसांनी गुढीपाडवा होता. 25 मार्चला पाडवा, त्याच दिवशी चैत्राचे नवरात्र बसायचे आणि 2 एप्रिलला रामनवमी. मराठी घरात पाडव्याची हरभरा डाळ, गूळ, साखरेच्या गाठी. शेजारच्या हिंदी घरांत नऊ दिवसांच्या उपवासाचा साबुदाणा, शेंगदाणे, शिंगाड्याचे पीठ. ही खरेदी दरवर्षी याच दोन दिवसांत होते. आपल्या वडिलांची 2019 ची वही असेल तर पाडव्याच्या आदल्या दोन दिवसांची विक्री काढून पाहा. चौपटीतला बराच भाग तिथेच सापडेल असे मला वाटते. घबराट होती, नाही असे नाही, पण सगळी गर्दी घबराटीची नव्हती.

दुसरी गोष्ट गव्हाची. माळव्यात आम्ही एप्रिलमध्ये वर्षाचा गहू भरतो. छावणीच्या धान्यमंडीतून किंवा ओळखीच्या शेतकऱ्याकडून पोती येतात, उन्हे देऊन, निवडून, कोठीत जातात आणि वर्षभर चक्कीवर दळून येतात. फाल्गुन-चैत्रात कोठी तळाला लागलेली असते. त्या वर्षी नेमक्या त्याच वेळी मंडी बंद आणि कोपऱ्यावरची चक्कीही बंद. राज्यात सरकारी गहू खरेदी 15 एप्रिलला सुरू झाली, तीही आरंभी इंदूर, भोपाळ आणि उज्जैन वगळून. त्या हंगामात मध्य प्रदेशाने सुमारे 129 लाख टन गहू खरेदी करून पंजाबलाही मागे टाकले, आणि त्याच दिवसांत आमच्या घरी दहा माणसांच्या कोठीत दोन पायल्या गहू उरला होता.

मग आम्ही काय केले? जन्मात कधी न आणलेली पिठाची तयार पिशवी मागवली. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घराने मागवली. पीठ विकणाऱ्या कंपनीच्या हिशेबात आम्ही कधी नव्हतोच, त्यामुळे तिला आमची मागणी अचानक आकाशातून पडल्यासारखी वाटली असेल. पण आम्ही जास्त खाल्ले नाही की साठवलेही नाही. तोच गहू आम्ही दुसऱ्या दाराने मागितला.

मागवण्याची तऱ्हाही सांगून ठेवते, पुढच्या पिढीला खरी वाटणार नाही. आमच्या प्रभागात सकाळी कचरागाडी यायची, तिच्यावरच्या माणसाकडे किराण्याची यादी द्यायची आणि दोन-तीन दिवसांनी दुकानदाराचा माणूस पिशवी दारात ठेवून जायचा. यादीत जिन्नस लिहायचा, प्रकार लिहायचा नाही, हे आम्ही चौथ्या यादीला शिकलो. "पोहे, जाड" असे लिहिले तर पोहे यादीतून कापले जात. नुसते "पोहे" लिहिले तर काहीतरी येई. इंदुरात जाड्या पोह्यांवाचून दीड महिना काढला, याहून मोठा तुटवडा मी कोणाला सांगू!

उत्तर 3
पीथमपूर पॅकिंग

आजींच्या पिठाच्या मुद्द्याला माझ्या कामातून जोड देतो. आमच्या कारखान्यात पुड्या आणि पिशव्यांसाठी लागणारी छापील फिल्म तयार होते.

बहुतेक लोक माल म्हणजे आतली वस्तू समजतात. आमच्या धंद्यात वेष्टन नसेल तर वस्तू असून नसल्यासारखी. इंग्लंडमध्ये 2020 च्या वसंतात दुकानांतून पीठ गायब झाले तेव्हा गिरण्यांमध्ये पीठ भरपूर होते. पण तिथल्या एकूण पिठापैकी जेमतेम 4 टक्के पीठ घरगुती छोट्या पिशव्यांतून विकले जाते आणि बाकीचे बेकऱ्यांना मोठ्या पोत्यांतून किंवा टँकरने जाते. छोट्या पिशव्या भरणारी यंत्रे दिवसरात्र चालवूनही मागणी पुरी होईना. आपल्याकडे हॉटेल, मेस आणि नमकीनवाले बंद झाले तेव्हा तेलाचे पंधरा किलोचे डबे पडून राहिले आणि एक लिटरच्या पिशवीसाठी रांग लागली, तीही हीच गोष्ट. डब्यातले तेल पिशवीत ओतून विकता येत नाही. त्याला यंत्र, फिल्म आणि छपाई लागते.

दहा रुपयांच्या पुडीऐवजी किलोची पिशवी का आली, याचे उत्तरही यंत्राजवळ आहे. एक टन पावडर किलोच्या पिशव्यांत भरायची तर हजार पिशव्या होतात. छोट्या पुड्यांत भरायची तर त्याच्या कित्येक पट तुकडे, तितकेच जास्त तास, जास्त खोकी आणि जास्त हात. कामगार एक-तृतीयांश असताना कोणताही व्यवस्थापक मोठी पिशवीच चालवणार. त्यात ज्याच्या खिशात दहाच रुपये आहेत तो गिऱ्हाईक बाहेर पडला, हे मात्र तेव्हा कोणी मोजले नाही.

सॅनिटायझरचा तर द्रव तुंबला आणि झाकण अडले, असे झाले होते. दाबून काढायचा पंप मोठ्या प्रमाणावर बाहेरून येई. 1 जून 2020 ला केंद्राने सॅनिटायझरच्या निर्यातीवरची बंदी उठवली, तरी पंप बसवलेल्या बाटल्यांची निर्यात बंदच ठेवली, यावरून टंचाई कशाची होती ते कळते. 2020 च्या शेवटी खोक्यांचा क्राफ्ट कागद महागला, तोही अशाच आडवाटेने: रद्दी गोळा होईना आणि बाहेरून येणारी रद्दीही घटली. बिस्किटाचा भाव रद्दीवाल्याच्या हातगाडीपर्यंत जाऊन पोहोचतो, हे मी स्वतः त्या वर्षापर्यंत कधी मनात आणले नव्हते.

उत्तर 4
अध्यापक, भंवरकुआँ

मी व्यवस्थापनशास्त्र शिकवतो. वरच्या तिन्ही उत्तरांनी तुटवड्याचा उलगडा केला आहे. प्रश्नकर्त्याच्या दुसऱ्या प्रश्नाला, म्हणजे पुराला, कोणी हात घातलेला नाही. माझ्या मते आपल्या चार खोक्यांचे मूळ तिथे आहे आणि त्याचा पुरावा आपल्याच वहीत असावा.

दुकानातली मागणी थोडी हलली, की साखळीत वर जाताना ती फुगत जाते; आमच्या विषयात याला चाबकाच्या फटकाऱ्याची उपमा देतात. मुठीपाशी मनगट चार बोटे हलते आणि दोरीचे टोक चार हात उडते. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेचे प्राध्यापक जे फॉरेस्टर यांनी 1961 मध्ये कारखाना, घाऊक व्यापारी आणि दुकान यांच्यामधली ही आंदोलने गणिताने मांडली. पुढे प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीला आपल्या डायपरच्या बाबतीत तेच दिसले. बाळे तर रोज सारखीच लंगोट ओली करतात, दुकानातली विक्री जवळजवळ स्थिर, तरी घाऊक व्यापाऱ्यांच्या मागण्या वरखाली होत आणि कंपनीने कच्च्या मालासाठी दिलेल्या मागण्या त्याहूनही जास्त.

आपल्या दुकानावर हे बसवून पाहू. समजा, हँडवॉशच्या दहा बाटल्या खपत होत्या आणि आता पंधरा खपू लागल्या. आपण म्हणणार, पुढच्या आठवड्यात वीस लागतील आणि माल उशिरा येतो, तेव्हा पंचवीस मागवू. वितरकाला पंधरा दिसतच नाहीत, त्याला पंचवीसच दिसतात. तो स्वतःची काळजी मिळवून चाळीस मागवतो. डेपोला चाळीस दिसतात, कारखान्याला साठ. वाढ पाच बाटल्यांची, आणि कारखाना नवे यंत्र बसवतो. माल बाहेर पडेपर्यंत चार महिने जातात. तेवढ्यात घरोघरी लोकांना कळून चुकलेले असते, की हात धुवायला नेहमीचा साबणही पुरतो.

टंचाईच्या काळात यात आणखी एक गोष्ट मिसळते आणि ती मला सर्वांत घातक वाटते. मागितल्याच्या निम्माच माल मिळतो हे एकदा लक्षात आले, की दुकानदार दुप्पट मागतो; शिवाय एकाच गरजेसाठी दोघा-तिघांकडे शब्द टाकून ठेवतो. यात लबाडी नाही, ती साधी हुशारी आहे. परंतु वरच्या माणसाला हे तीन वेगळे ग्राहक वाटतात. सॅनिटायझरच्या बाबतीत तर सरकारी आदेशही जोडीला होते: 13 मार्च 2020 ला मुखपट्ट्या आणि सॅनिटायझर अत्यावश्यक वस्तू कायद्याखाली आणले गेले, 21 मार्चला 200 मिलीच्या बाटलीला 100 रुपयांची कमाल किंमत ठरली, आणि मद्यार्काच्या कारखान्यांना, साखर कारखान्यांना सॅनिटायझर बनवण्याचे परवाने झपाट्याने मिळाले. त्या घडीला ते योग्यच होते. पण सुरू करण्याची घाई सगळ्यांना होती आणि थांबण्याची वेळ सांगणारे कोणी नव्हते.

माझी विनंती अशी, की ऑगस्ट 2020 ची डावी पाने काढा आणि हँडवॉश किती जणांकडे मागितले होते ते मोजा.

एक सावधगिरी मात्र हवी. वहीतला प्रत्येक तुटवडा असा भासमान नव्हता. 2021 मध्ये खाद्यतेलाचे भाव चढले, ते निराळे प्रकरण आहे. लोक आजही विचारतात, की माळव्यात सोयाबीन पिकते तर इंदुरात तेल महाग का? भारत आपल्या गरजेचे निम्म्याहून बरेच जास्त, साठ टक्क्यांच्या आसपास, खाद्यतेल आयात करतो. मलेशियाच्या सीमा बंद झाल्याने तिथल्या पाम मळ्यांत फळे तोडायला परदेशी मजूर मिळेनात, आणि जगाचा भाव चढला की आपल्या मंडीचा चढतोच. त्या उन्हाळ्यानंतर सोयाबीनने क्विंटलला दहा हजारांची मजल गाठली होती. तसेच 2021 मधल्या लॅपटॉप आणि मोटारींच्या टंचाईचे. त्यामागे खरोखर चिप नव्हत्या, कंटेनर चुकीच्या बंदरांत पडून होते, आणि मार्चच्या अखेरीस सुएझ कालव्यात एव्हर गिव्हन हे जहाज सहा दिवस आडवे अडकले होते. अशी टंचाई शेजारच्या खोलीत माल भरून सुटत नाही.

देवास नाका

अध्यापक महाशयांच्या उत्तराशी मी सहमत आहे, फक्त त्यात एक भर घालतो, कारण प्रश्नकर्त्याच्या वडिलांवर अन्याय होतो आहे असे मला वाटते. "वरच्यांनी माल दाबला" हे अगदीच खोटे नाही. एप्रिलपूर्वी वितरक दुकानदाराला आठ-पंधरा दिवसांची उधारी देत असे. टाळेबंदीत कोणाचे दुकान उघडेल आणि कोणाचे नाही याचा भरवसा राहिला नाही, म्हणून वरून खालपर्यंत सगळीकडे रोखीचा नियम झाला. माल कमी आणि मागणारे दहा, तेव्हा माल त्यालाच जाई जो आधी पैसे पाठवी आणि संपूर्ण गाडी उतरवून घेई. मोठ्या दुकानांना आधी मिळाला. मी स्वतः तशा याद्या केल्या आहेत. दाबून ठेवणे आणि आधी दुसऱ्याला देणे यांत कायद्याच्या दृष्टीने फरक असेल, राजेंद्रनगरच्या काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाला तो दिसणार नाही.

राजेंद्रनगर किराणा (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. काल दुकान बंद केल्यावर वडिलांना समोर बसवून दोन्ही वह्या उघडल्या.

आधी आजींचे. 2019 ची वही सापडली. त्या वर्षी पाडवा 6 एप्रिलला होता आणि त्याआधीच्या दोन दिवसांत विक्री नेहमीच्या दुपटीच्या थोडी वर आहे. म्हणजे चारातले दोन पाडव्याचे निघाले. 23 मार्च 2020 च्या पानावर गाठींच्या 40 माळा विकल्याची नोंद आहे, जी मी आधी पाहिलीच नव्हती.

आता हँडवॉश. 11 ऑगस्टच्या डाव्या पानावर एका वितरकाकडे पाच खोकी लिहिली आहेत. 13 तारखेला दुसऱ्याकडे पाच. 14 तारखेला सियागंजच्या एका व्यापाऱ्याकडे सहा, आणि त्यापुढे वडिलांच्या बारीक अक्षरात "जो देईल त्याचे घेऊ". आमची गरज फार तर पाच खोक्यांची होती. 3 ते 9 सप्टेंबर या एका आठवड्यात तिघांनीही माल दिला. सोळाच्या सोळा खोकी उतरली, आणि उधारी बंद असल्यामुळे पैसे आगाऊ गेलेले होते, तेव्हा परत करण्याचा प्रश्नच नव्हता. सॅनिटायझरचेही जवळपास असेच आहे, फक्त तिथे दोघे होते.

वडील ते पान बराच वेळ पाहत बसले. मग म्हणाले, "मग काय, एकाच्याच भरवशावर बसायचं होतं? त्याने दिलं नसतं, तर तू आज हेच विचारलं असतंस." याला माझ्याकडे उत्तर नव्हते आणि अजूनही नाही.

शेजारच्या खोलीचा विचार तूर्त सोडला आहे. त्याऐवजी मिळेल ती रोकड बाजूला ठेवून दोन वितरकांचा हिशेब वेळच्या वेळी चुकता करायचे ठरवले आहे, कारण देवास नाक्याच्या दादांचे शेवटचे उत्तर वाचल्यावर यादीत वरचे नाव कशाने लागते ते कळले. एक पिंप मात्र घेतो आहे, जाड्या पोह्यांसाठी. आजींनी यादी पाठवताना आता प्रकारासकट लिहावी.

माळ्यावरच्या चार खोक्यांची मुदत 2022 मध्येच संपली होती. ती खाली काढली तेव्हा तळातल्या खोक्यातल्या तीन बाटल्या गळलेल्या होत्या, आणि 2020 च्या वहीची शेवटची काही पाने एकमेकांना चिकटून बसली आहेत, ती अजून सुटायची आहेत.